इको-फ्रेंडली बिल्डिंगचा रिव्ह्यू: अंगण आणि जिना पैकीच्या पैकी, पोडियमवरची बाग मात्र फसलीय

मी या प्रोजेक्टमध्ये राहते, आणि ब्रोशरमधलं कौतुक आता मागे पडलंय, रोजच्या वापरात काय टिकलं काय नाही ते दिसायला लागलंय, म्हणून लिहितेय. पाचपैकी चार देईन. नाव मुद्दाम देत नाहीये कारण मला डिझाइनबद्दल बोलायचंय, आणि अशी "ग्रीन" घरं बघायला जाणाऱ्या कुणालाही हेच मुद्दे कामाला येतील.

आधी जे जबरदस्त जमलंय ते सांगते. दोन बिल्डिंगा समोरासमोर, मधे अंगण, आणि पार्किंगची जा-ये सगळी बाहेरच्या कडेने. म्हणजे गाडी लावली की घरी जायला अंगणातूनच चालत जावं लागतं, दुसरी वाटच नाही. एवढ्या एका गोष्टीने सगळा फरक पडलाय. बाकीच्या ठिकाणी मी काय बघितलंय, तर कॉमन हॉल म्हणजे मागच्या कोपऱ्यात उरलेली जागा, कुलूप लावलेली, किल्ली कुणाकडे ते शोधत फिरा. इथे टपालाच्या पेट्या, कॉमन लाँड्री, हत्यारांची खोली हे सगळं जिन्याच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे मुद्दाम भेटायला जावं लागत नाही, येता-जाता माणसं भेटतात. जिना पण अंधारा नाही, एका बाजूने उघडा आहे, भरपूर उजेड येतो, आणि प्रत्येक वळणावर खिडकीखाली बसायला कट्टा केलाय, लोक लिफ्ट सोडून जिन्याने यायला लागलेत ते त्यामुळेच.

लाँड्रीचं तर खास कौतुक. तिची मोठी खिडकी अंगणाकडे आहे, मशीन लावायचं आणि तिथेच उभं राहून बाहेर खेळणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचं, आणि घरोघरी मशीन नसल्यामुळे प्रत्येक घरात तेवढी जागा वाचलीय ती वेगळीच. बार्सिलोनात ला बोर्दा म्हणून सहकारी सोसायटी आहे, 2018 ची, लाकडी सांगाड्याची सहा मजली बिल्डिंग, 28 घरं, तिथेही लाँड्री, स्वयंपाक-जेवणाची मोठी खोली आणि पाहुण्यांच्या खोल्या सगळ्यांच्यात मिळून आहेत, घरं मधल्या अंगणाभोवती. आमच्याकडे पाहुण्यांची खोली नाही, ती हवी होती. एक जास्तीची बेडरूम प्रत्येकाने वर्षातल्या चार दिवसांसाठी बांधायची ही केवढी उधळपट्टी आहे, सिमेंटची पण आणि जागेची पण.

अजून एक बारीक गोष्ट जी पटकन लक्षात येत नाही. तळमजल्याच्या खिडक्या आणि अंगणातली पायवाट यांच्यामध्ये झुडपांचा चांगला रुंद पट्टा सोडलाय. तो नसता तर तळमजल्यावाल्यांनी पडदे कायमचे ओढून घेतले असते आणि अंगणावर नजर ठेवणारं कुणी उरलं नसतं. सगळ्यांची जागा चालायची असेल तर आधी प्रत्येकाला स्वतःचा आडोसा लागतो हे ज्याने कुणी ओळखलं त्याला सलाम.

उन्हाचंही नीट बघितलंय. पश्चिमेच्या खिडक्यांना सरकती झडपं आहेत आणि ती काचेच्या बाहेरून, जे बरोबर आहे, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा फार काही करू शकत नाही. प्रत्येक घराला दोन बाजूंनी खिडक्या, वारा आरपार जातो.

आता एक गुण का कापला ते. पोडियमवरची बाग. खाली पार्किंगचं बेसमेंट, वर स्लॅब, त्यावर माती आणि त्यात झाडं. चित्रात तिथे मोठी सावली देणारी झाडं दाखवलेली, प्रत्यक्षात माती जेमतेम वीतभर. वीतभर मातीत गवत येतं, झुडपांना दीड-दोन फूट लागते आणि लहानशा झाडाला सुद्धा मीटरभर तरी हवी. आणि ही चूक नंतर माती ओतून दुरुस्त होत नाही हो! ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड ते दोन टन, म्हणजे मीटरभर माती टाकली की स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेवढा भार, आणि घरातला साधा स्लॅब माणसं-सामान अशा वापराच्या भारासाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो धरलेला असतो. त्यामुळे झाडं कुठे येणार हे खांब-बीम ठरवतानाच ठरावं लागतं. इथे बहुतेक बिल्डिंग आधी ठरली आणि बागवाल्याला नंतर बोलावलं. जी झाडं लावली ती खुरटली, एक-दोन वाऱ्यात आडवी झाली.

त्यात ड्रेनेजचा घोळ. वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहायचा थर, मग कापड, मग माती असा क्रम असतो, तो केलाय म्हणतात, पण पाणी जायच्या तोंडावर तपासणीचं झाकणच ठेवलं नाही. मुळं जाऊन एक तोंड बुजलं, पाणी साचलं, आणि खाली पार्किंगच्या छताला पांढरे ओघळ आले. नक्की कुठून गळतंय ते शोधायला वाफेच्या वाफे रिकामे करावे लागले. बिल्डरकडे तक्रार केली तर "मेंटेनन्स तुमचा" हे उत्तर. एका साध्या झाकणाने हे सगळं टळलं असतं याचा खरंच राग येतो.

सांडपाण्याची सोय मात्र साधी ठेवली ते बरं केलं. आंघोळीचं आणि बेसिनचं पाणी खडीच्या वाफ्यातून गाळून निघतं, वर कर्दळ लावलेली, पाणी खडीच्या खालूनच वाहतं त्यामुळे डास नाहीत, आणि स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी त्यात सोडत नाहीत. दक्षिण लंडनमध्ये बेडझेड नावाची वसाहत 2002 साली झाली, पर्यावरणपूरक घरांमध्ये तिचं नाव अजून घेतात, घरं खरंच चांगली आहेत, पण लाकडाच्या तुकड्यांवर चालणारं वीज-उष्णतेचं यंत्र काही वर्षांतच बंद पडलं आणि सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणाही टिकली नाही. भिंती, खिडक्या, ऊन-वारा यांना ऑपरेटर लागत नाही, यंत्राला लागतो.

बागेलाही लागतो म्हणा. मिलानच्या बॉस्को व्हर्टिकालेमध्ये, झाडांनी भरलेले ते दोन टॉवर, 2014 चे, बाल्कन्यांतली झाडं घरमालकांवर सोडलेली नाहीत, दोरावरून उतरून छाटणी करणारे माळी ठेवलेत आणि खर्च सगळ्यांच्यात. आमच्याकडे बाल्कनीतले वाफे ज्याचे त्याने बघायचे, त्यामुळे एक मजला हिरवागार आणि त्याच्या वरचा वाळलेला.

घर बघायला गेलात तर सँपल फ्लॅटमध्ये वेळ घालवू नका, बागेचा सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे उभा छेद दाखवणारा नकाशा, मागा, त्यात मातीची जाडी लिहिलेली असते, आणि पाणी जायची तोंडं कुठे आहेत, ती उघडून बघता येतात का हे विचारा. आणि गेटपासून घरापर्यंत एकदा चालत जा, वाटेत कॉमन जागा लागते की नाही ते बघा.