पाय-केव्हीएमसाठी एचडीएमआय चित्र: यूएसबी डोंगल की सीएसआय ब्रिज?

संगणक बायोसच्या (सुरू होतानाच्या प्राथमिक सेटिंगच्या) पडद्यावरच अडकला, तर दूरनियंत्रणाचे नेहमीचे सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरते, कारण ते चालण्यासाठी आधी विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हावे लागते. अशा वेळी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर पाय-केव्हीएम हे मुक्त सॉफ्टवेअर घालून घरी जोडलेले उपकरण कामास येते. ते एचडीएमआयमधून चित्र घेते आणि आपल्या यूएसबी-सी पोर्टमधून संगणकाला कीबोर्ड व माउस म्हणून दिसते. खरा प्रश्न उरतो तो चित्र कशाने घ्यावे हा.

यूएसबी कॅप्चर डोंगल, म्हणजे एचडीएमआय चित्र यूएसबीतून आत घेणारे छोटे उपकरण, स्वस्त असते, सहज मिळते आणि जोडायला क्षणही लागत नाही. मात्र संगणक सुरू होताना चित्राचे रिझोल्यूशन बदलते, तेव्हा हा बदल ते स्वतःहून पाय-केव्हीएमला कळवू शकत नाही, आणि नेमक्या याच क्षणांसाठी तर आपण हा खटाटोप करतो.

तोशिबाच्या टीसी३५८७४३ चिपचा सीएसआय ब्रिज, म्हणजे एचडीएमआय चित्र पायच्या कॅमेरा सॉकेटमधून आत देणारा छोटा बोर्ड, थोडा महाग पडतो, पण तो रिझोल्यूशन आपोआप ओळखतो आणि चित्रही कमी विलंबाने पोहोचवतो. पाय ४ वर तो १०८०पी चित्र सेकंदाला ५० फ्रेमपर्यंतच घेतो. बायोसमधील कामाला तेवढे पुरेसे आहे. त्याची चपटी रिबन केबल कॅमेऱ्याच्याच सॉकेटमध्ये बसवावी, कारण त्याच बोर्डावरचे डिस्प्लेचे सॉकेट हुबेहूब तसेच दिसते. पाय झीरो २ डब्ल्यू या आणखी लहान पायवर तर डोंगलचा विचारच नको, कारण त्याचा एकमेव यूएसबी डेटा पोर्ट कीबोर्ड-माउससाठीच लागतो.

डोंगल आधीच घरात असेल तर प्रयोगासाठी जरूर वापरावे. कायमच्या सर्व्हरला मात्र मी ब्रिजच जोडेन.