जुनी कार्टून्स आणि वेगळ्या वाटेचे चित्रपट : डीव्हीडीवर पाहावेत की ऑनलाइन?

गेल्या वर्षी जुनी कार्टून्स आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील वेगळ्या वाटेचे चित्रपट पुन्हा एकदा सलग पाहायचे मी ठरवले, तेव्हा बडोद्यातील आमच्या दांडिया बाजारच्या घरात दोन्ही सोयी होत्या : कपाटात वर्षानुवर्षे जपलेल्या डीव्हीडी आणि नव्या टीव्हीवर येणारी ऑनलाइन सेवा. सहा-सात महिने दोन्ही आलटून पालटून वापरल्यावर जे जाणवले ते लिहितो. हा अनुभव आहे, मोजमाप नव्हे.

सोयीच्या बाबतीत ऑनलाइनची बाजू वरचढ आहे, यात वाद नाही. काही गोष्टी तर तिथेच सापडतात. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा सात-आठ मिनिटांचा लघुपट मला ऑनलाइनच मिळाला. दूरदर्शनवर लागणारे, नाना पाटेकरांच्या आवाजातील शेरखान असलेले ‘जंगल बुक’ही हिंदीत मी तिथेच पाहिले, चित्र धूसर होते, पण तो आवाज कानी पडताच रविवारची सकाळ आठवली.

असे असूनही माझा कल डीव्हीडीकडे झुकला, याला कारण एकच. जुन्या चित्रपटांची चौकट आजच्या टीव्हीइतकी रुंद नव्हती. ‘टॉम अँड जेरी’चे १९४० पासूनचे सुरुवातीचे भाग उंची १ धरली तर रुंदी १.३७ अशा चौकटीत काढलेले आहेत आणि आजचा पडदा १६ : ९ चा आहे. अशा पडद्यावर जुने चित्र मूळ आकारात दाखवले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. या पट्ट्या प्रेक्षकांना खुपतात म्हणून की काय, मी पैसे भरून घेतलेल्या एका सेवेवर चित्र वरून आणि खालून कापून पडदाभर केलेले होते. हिशेब साधा आहे : अशा कापाकापीत चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. ज्या भागात टॉम मैफलीत पियानो वाजवतो आणि जेरी आतल्या हातोड्यांवर झोपलेला असतो, तो मी माझ्या भाच्याला दाखवत होतो. टॉमच्या बोटांचा खेळ अर्धा पडद्याबाहेर गेला होता. भाच्याने विचारले, “मामा, तो नक्की कशावर वाजवतोय?” त्या क्षणी मी टीव्ही बंद केला आणि कपाटातून डीव्हीडी काढली. तिच्यात पट्ट्या होत्या, पण पियानोच्या पट्ट्यांसकट सगळे चित्रही होते.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. चित्र नुसते आडवे ताणले गेले असेल, माणसे बुटकी आणि जाड दिसत असतील, तर तो दोष बहुधा टीव्हीचा असतो आणि रिमोटवरून चित्राचा आकार ४ : ३ केला की जातो. कापलेले चित्र मात्र आपल्या हातून परत येत नाही.

डीव्हीडी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ‘टॉम अँड जेरी’चे १९५४ नंतरचे काही भाग रुंद पडद्यासाठी काढलेले होते, आणि माझ्याकडील एका संचात तेच दोन्ही बाजूंनी छाटलेले आहेत. दोन डीव्हीडी ओरखड्यांमुळे मध्येच अडकतात. माझ्या प्लेअरची लेन्स दोनदा बदलावी लागली, आणि आता नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायला जागाच नसते. चित्रपटांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागते. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला ‘मंथन’ (१९७६) माझ्या डीव्हीडीवर फिकट आणि मळकट दिसतो; २०२४ मध्ये त्याची जी जीर्णोद्धार केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, ती जिथे उपलब्ध होईल तिथे पाहावी, मग ती ऑनलाइन का असेना.

तरीही चौकटीचा प्रश्न मला गौण वाटत नाही. दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात चित्रकला शिकले, ते याच गावातले. आगकाड्या हलवून त्यांनी केलेला सचेतपट (ॲनिमेशनपट) आज उपलब्ध नाही. जे हरवले त्याला इलाज नाही; पण जे शिल्लक आहे ते चार बोटे कापून का पाहायचे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून कार्टून्ससाठी, आणि विशेषतः ती मुलांना पहिल्यांदा दाखवणार असाल तर, डीव्हीडीला प्राधान्य द्यावे, असे मी सुचवीन. लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला की प्लेअरची चिंताही उरत नाही. ऑनलाइनच पाहायचे असेल, तर वर्षाचे पैसे भरण्याआधी विनामूल्य मुदतीत एक जुना भाग लावावा आणि सुरुवातीची नामावली जिथे येते तिथे थांबवावा. अक्षरे वरच्या-खालच्या कडेला चिकटलेली किंवा अर्धवट दिसली, तर चित्र कापलेले आहे असे समजावे.