लकव्यावर करंट, फ्रँकलिनच्या घरी: सर्व्हिसला दोन स्टार, पत्राला पाच

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आमच्या लाईनमध्ये पेशंटच्या घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम करंट देणार ना? अंगावरून वारं गेलेल्या माणसाला मी आधी कुशीवर वळायला शिकवते, काठाला धरून बसायला शिकवते, ते बघून मंडळींचा चेहरा पडतो, नुसता व्यायामच करून घ्यायचा होता तर एवढ्या लांब कशाला आलो असं. करंट म्हणजे खरी ट्रीटमेंट, बाकी सगळं टाइमपास. तर या करंटचा मी वाचलेला सगळ्यात प्रामाणिक रिव्ह्यू १७५७ सालचा आहे आणि गंमत म्हणजे तो लिहिलाय सर्व्हिस देणाऱ्यानेच. बेंजामिन फ्रँकलिन, तोच तो पतंगवाला.

झालं असं की जॉन प्रिंगल म्हणून लंडनमधला मोठा डॉक्टर, सैन्यातल्या आजारांवर त्याचं पुस्तक होतं, त्याने फ्रँकलिनला विचारलं की लकव्यावर विजेचा तुझा काय अनुभव. म्हणजे बघा, डॉक्टरने डॉक्टर नसलेल्या माणसाला सल्ला विचारला. फ्रँकलिन तेव्हा नुकताच लंडनला आलेला, क्रेव्हन स्ट्रीटवर भाड्याने राहत होता (ते घर आता म्युझियम आहे), तिथून त्याने २१ डिसेंबर १७५७ ला उत्तर पाठवलं.

आता सर्व्हिस कशी होती ते सांगते. त्याच्या काही वर्षं आधी, फ्रँकलिन अमेरिकेत असताना, इटली-जर्मनीत विजेने चमत्कार होतात असं पेपरात छापून यायला लागलं आणि पेन्सिल्व्हेनियातून, आजूबाजूच्या प्रांतांतून लोक आपापले लकव्याचे पेशंट घेऊन फ्रँकलिनच्या दारात हजर. (त्या इटलीतल्या चमत्कारांची शहानिशा करायला नोले नावाचा फ्रेंच पाद्री १७४९ मध्ये स्वतः तिकडे गेला आणि हात हलवत परत आला, पण ती बातमी कोण वाचतो.) पेशंटला खुर्चीत बसवायचं, खुर्ची अशा स्टुलावर की वीज जमिनीत उतरू नये, मग लुळ्या हातापायातून मोठ्या मोठ्या ठिणग्या काढायच्या. त्यानंतर मेन कोर्स. वीज साठवायच्या सहा सहा गॅलनच्या दोन काचेच्या बरण्या, प्रत्येकीला साधारण तीन चौरस फूट धातूचा मुलामा, त्या फुल चार्ज करून दोन्हींचा झटका एकदम त्या अवयवातून सोडायचा, दिवसातून बहुतेक तीनदा. आज आम्ही वापरतो तो करंट मिलीअँपिअरमधला, हळूहळू वाढवत नेतो आणि तरी लोक ओरडतात, तेव्हा त्या बरण्यांपुढे बसलेल्यांना माझा नमस्कार.

रिझल्ट? पहिल्यांदा लुळा भाग गरम लागायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट सांगायचे की रात्री टोचल्यासारखं होत होतं, कधी कधी त्वचेवर लाल ठिपके दिसायचे. हालचालही वाढायची. एका माणसाला पहिल्या दिवशी गुडघ्यावरचा हात उचलता येत नव्हता, दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच उचलला, तिसऱ्या दिवशी आणखी वर, आणि पाचव्या दिवशी त्याच हाताने, हळूहळू, अशक्तपणे का होईना, डोक्यावरची हॅट काढली. इथे थांबला असता तर आजच्या भाषेत व्हिडिओ व्हायरल झाला असता, खाली नंबर आणि लोकेशन.

पण हा माणूस पुढे लिहितो की पाचव्या दिवसानंतर कुणालाही आणखी सुधारणा झालेली मला आठवत नाही. झटके जोराचे, त्यात फरक पडेना, लोक कंटाळून घरी गेले आणि थोड्याच दिवसांत जैसे थे. विजेने लकव्यात कायमचा फायदा झाल्याचं मला एकही उदाहरण माहीत नाही असं त्याने सरळ लिहून टाकलंय. आणि त्याच्याही पुढचं वाक्य मला फार आवडतं, की जो थोडा फायदा दिसला तो विजेचा की रोज माझ्या घरापर्यंत येण्याजाण्याच्या व्यायामाचा, की बरं होणार या आशेने आलेल्या हुरुपाचा, हे मी सांगू शकत नाही. अहो १७५७! पुढे १७८४ मध्ये पॅरिसला मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या 'प्राणी-चुंबकत्वा'ची, म्हणजे अंगातल्या अदृश्य शक्तीने आजार बरे करतो या दाव्याची, चौकशी झाली, लोकांचे डोळे बांधून वगैरे, त्या समितीत हाच फ्रँकलिन होता, म्हणजे ही खोड जुनीच म्हणायची.

अजून एक. स्कॉटलंडमध्ये एका बाईला छोट्या बाटलीने रोज दोनशे झटके देऊन पूर्ण बरं केल्याची बातमी होती. त्यावर हा म्हणतो की कदाचित थोड्या मोठ्या झटक्यांपेक्षा पुष्कळ छोटे झटके बरे असतील, पण त्यांचं मशीन भारी होतं म्हणून गुण आला असं समजू नका, झटक्याचा जोर काचेवर किती भाग मढवलाय त्यावर ठरतो, आणि माझ्या बरण्या त्या हातातल्या बाटलीच्या कितीतरी पट. घरोघरी मशीन विकणारे जे येतात ना, आमचं मॉडेल जास्त पॉवरफुल म्हणत, त्यांना हा परिच्छेद लॅमिनेट करून द्यावासा वाटतो. विजेबरोबर औषध, पथ्य आणि चांगल्या डॉक्टरची देखरेख असती तर कदाचित टिकाऊ गुण आला असता, हेही त्याने लिहिलंय. आजही आम्ही करंट वापरतो, पाऊल लोंबत असेल तर चालताना पाऊल उचलायला मदत म्हणून, पण पेशंट स्वतः जोर लावत असताना. नुसतं पडून करंट खाल्ल्याने कुणी उठून चालत नाही.

तक्रारी आहेत. किती पेशंट, वय काय, लकवा येऊन किती दिवस झालेले, काही लिहिलेलं नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांत बरीच सुधारणा आपोआपही होत असते त्यामुळे हे कळणं गरजेचं होतं. नंतर त्यांची खबर कशी घेतली तेही नाही. सगळं आठवणीवर. म्हणून सर्व्हिसला दोनच स्टार, त्यातला एक हॅटसाठी.

पण पत्राला पाच. आपल्याकडे लकव्यावर कबुतराच्या रक्ताची मालिश सांगणारेही आहेत, त्यांच्यापैकी कुणी पाचव्या दिवसानंतर काय झालं हे सांगितलेलं मला आठवत नाही. पत्र फाउंडर्स ऑनलाइन या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहे, फ्रँकलिन, प्रिंगल आणि तारीख टाकली की मिळतं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे पण छोटंसं आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतं.