एओथ्री: टॅग जमले तर सगळं जमलं

मालिकेचा शेवट पटला नाही, किंवा लेखकाने दोन पात्रांची उगाच ताटातूट करून ठेवली असं वाटलं, की चाहते स्वतःच लिहायला बसतात. अशा फॅनफिक्शनसाठी सध्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन. पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे एओथ्रीच (AO3) म्हणतात. फुकट आहे, एकही जाहिरात नाही, आणि 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत काहीबाही गळ्यात मारणारा अल्गोरिदम नाही. नवखा माणूस गांगरतो तो या शेवटच्या गोष्टीमुळेच. इथे ताटात काही वाढून येत नाही. हवं ते आपणच शोधायचं, आणि शोधायचं हत्यार एकच: टॅग, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणारी लेखकाने लावलेली चिठ्ठी.

आधीच सांगून टाकतो. वाचकाच्या नजरेने पाचपैकी पाच, लेखकाच्या नजरेने चार, आणि समविचारी लोकांशी गप्पा मारायच्या असतील तर जेमतेम एक.

हे सगळं उभं राहिलं त्याचं कारण थोडक्यात. 2007 मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळाने एका झटक्यात शेकडो खाती बंद केली, त्यात चाहत्यांचं बरंच लेखन गेलं. त्याच सुमारास फॅनलिब नावाची कंपनी या लेखनावर धंदा करायला उतरली. तेव्हा चाहत्यांनी ठरवलं की सर्व्हर आपलेच हवेत. त्यातून ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था निघाली आणि नोव्हेंबर 2009 मध्ये एओथ्री सर्वांसाठी खुलं झालं. 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. कोड लिहिण्यापासून तक्रारी निस्तरण्यापर्यंत बहुतेक काम स्वयंसेवक करतात. खर्च देणग्यांवर चालतो, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मोहीम असते. 10 डॉलर किंवा जास्त दिले तर संस्थेच्या निवडणुकीत मत देता येतं. पण पैसे दिले म्हणून वाचण्या-लिहिण्याची जादा सोय मिळत नाही, हे बरं आहे.

वाचायला खातं लागत नाही. लिहायचं, बुकमार्क ठेवायचे किंवा कुलूपबंद (फक्त खातेदारांना दिसणाऱ्या) कथा वाचायच्या तर लागतं, आणि ते लगेच मिळत नाही. ईमेल देऊन रांगेत उभं राहायचं; नंबर लागला की आमंत्रण येतं. ते हमखास स्पॅममध्ये जातं, म्हणून आमंत्रणाच्या पानावर आपला ईमेल टाकून नंबर कुठवर आलाय ते अधूनमधून बघावं. आमंत्रण विकणारे भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

आता खरा मुद्दा, फिल्टर. एखाद्या फॅंडमच्या, म्हणजे एखाद्या मालिकेच्या, पुस्तकाच्या किंवा चित्रपटाच्या पानावर गेलात की एका पानावर 20 कथा दिसतात, सगळ्यात नुकती अद्ययावत झालेली वर. लोकप्रिय फॅंडममध्ये हा क्रम अगदी निरुपयोगी. संगणकावर उजव्या बाजूला आणि मोबाइलवर 'फिल्टर्स' बटणामागे जो तक्ता आहे त्यात दोन भाग असतात: वरचा 'इन्क्लूड' (हवं ते), खालचा 'एक्सक्लूड' (नको ते). प्रत्येक प्रकारात सर्वाधिक वापरलेले दहाच टॅग दिसतात. तुम्हाला हवा तो त्यात नसेल तर खालच्या चौकटीत टाइप करा आणि येणाऱ्या सूचनांमधूनच निवडा.

सूचनांमधूनच का, तर त्यामागे टॅग रँगलर नावाच्या स्वयंसेवकांची मेहनत आहे. लेखक टॅग हवा तसा लिहितात: कोणी पूर्ण नाव, कोणी आडनाव आधी, कोणी चुकीचं स्पेलिंग. रँगलर त्या सगळ्या रूपांना मागच्या बाजूने एका प्रमाण टॅगला जोडतात. लेखकाने लिहिलेला शब्द कथेवर जसाच्या तसा राहतो, पण प्रमाण टॅगने फिल्टर लावला की सगळी भावंडं एकत्र येतात. एवढ्या मोठ्या संग्रहात हे काम माणसं हाताने करतात, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एओथ्रीचं शोधणं इतर ठिकाणांपेक्षा सरस आहे ते यामुळेच.

नात्यांच्या टॅगमध्ये एक चिन्ह फार महत्त्वाचं. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध; 'आणि'चं चिन्ह (&) असेल तर मैत्री, भावंडं, गुरू-शिष्य असं काही. दोन भावांची कौटुंबिक कथा लिहून मध्ये तिरकी रेघ टाकणारे नवे लेखक असतात. मग प्रतिक्रियांमध्ये काय होतं ते विचारू नका.

क्रमवारी लावताना बहुतेक जण कुडोज निवडतात. कुडोज म्हणजे लाइक. एका वाचकाला एका कथेवर एकदाच देता येतो आणि मागे घेता येत नाही. यात खोच अशी की 40 प्रकरणांच्या कादंबरीलाही तुमचा एकच कुडोज आणि एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीलाही एकच. शिवाय जुनी कथा वर्षानुवर्षं जमवत राहते. त्यामुळे या यादीत जुन्या आणि छोट्या कथा वर येतात. वाचनसंख्या, म्हणजे हिट्स, त्याहून फसव्या: प्रकरणागणिक तेच वाचक परत येतात आणि आकडा फुगतो. लांब, मन लावून लिहिलेलं काही हवं असेल तर बुकमार्कप्रमाणे क्रम लावा, किमान शब्दसंख्या 30000 भरा, 'फक्त पूर्ण झालेल्या' निवडा आणि भाषा ठरवा. अर्धवट सोडलेल्या कथेच्या 27व्या प्रकरणावर लटकण्याचं दुःख वाचतं.

'सर्च विदिन रिझल्ट्स'च्या चौकटीत शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह टाकलं की तो शब्द असलेल्या कथा गळतात. एकाच जोडीची कथा हवी, बाजूच्या पाच जोड्या नकोत, तर तिथे रोमन लिपीत ओटीपी, कोलन, ट्रू (otp: true) असं लिहा; हा ओटीपी म्हणजे 'वन ट्रू पेअरिंग', एकमेव जोडी. हे फॉर्मवर कुठेही सांगितलेलं नाही, पण चालतं. नीट जमलेला फिल्टर पुन्हा भरत बसू नका. निकालाच्या पानाचा पत्ताच ब्राउझरमध्ये जतन करा.

इशाऱ्यांबाबत गैरसमज सगळ्यात जास्त. टोकाची हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांशी लैंगिक संबंध अशा चार गोष्टींसाठी ठरलेले इशारे आहेत. त्यांशिवाय दोन पर्याय आहेत आणि लोक नेमके तेच एकमेकांत मिसळतात. 'नो आर्काइव्ह वॉर्निंग्ज अप्लाय' म्हणजे चारपैकी काहीही कथेत नाही. 'क्रिएटर चोज नॉट टू यूज' म्हणजे लेखक सांगणार नाही, चारही असू शकतात. दुसऱ्याला पहिला समजून वाचायला घेतलं आणि प्रिय पात्र तिसऱ्या प्रकरणात मेलं, तर तक्रारीला जागा नाही. 'नॉट रेटेड'चंही (लेखकाने वयाची श्रेणीच न दिलेली कथा) तसंच, ते सर्वांत प्रौढ श्रेणीइतकंच सांभाळून उघडावं. मजकुराच्या बाबतीत एओथ्रीचं धोरण मुळात सैल आहे. बंदी घालण्यापेक्षा नीट चिठ्ठी लावण्यावर भर. घरातल्या शाळकरी मुलांच्या हातात फिल्टर न शिकवता देण्याची ही जागा नाही. 13 वर्षांखालच्यांना खातं काढता येतही नाही.

लिहिणाऱ्यांनी सर्वांत आधी सांभाळायची गोष्ट म्हणजे गूगल डॉक्समधून चिकटवलेला मजकूर. परिच्छेदांमध्ये दुप्पट मोकळ्या ओळी येतात आणि तिरप्या अक्षरांतल्या शब्दानंतर नको तिथे जागा सुटते, म्हणजे स्वल्पविराम शब्दापासून तुटून पुढे जाऊन बसतो. मजकूर 'रिच टेक्स्ट'मध्ये चिकटवा, मग 'एचटीएमएल'वर जाऊन रिकामे परिच्छेद काढा, आणि प्रीव्ह्यू मोबाइलवर बघा. मसुदा महिनाभरात आपोआप पुसला जातो, तेव्हा एओथ्रीलाच वही समजू नका; मूळ प्रत स्वतःकडे हवीच. फॅंडम, पात्रं, नाती आणि इतर टॅग मिळून मर्यादा 75 ची. पण 20च्या पुढे गेलात की वाचक यादी न वाचताच पुढे सरकतो.

चित्रं इथे चढवता येत नाहीत. दुसरीकडे ठेवून दुवा द्यावा लागतो, आणि ती जागा बंद पडली की कथेत तुटक्या चित्राची चौकट उरते. फॅनआर्ट करणाऱ्यांचा हा जुना सल आहे आणि तो रास्त आहे. व्हॉट्सॲपसारखे संवाद दाखवायला 'वर्क स्किन', म्हणजे कथेपुरती केलेली पानाची सजावट, वापरतात. ऑनलाइन छान दिसतात, पण कथा डाउनलोड केली की ती सजावट गळून पडते. म्हणून कोण काय बोललं हे नुसत्या मजकुरातूनही कळेल असं लिहावं. डाउनलोडची सोय मात्र उत्तम: ईपब, पीडीएफ, मोबी, एझेडडब्ल्यू3, एचटीएमएल. फोनवर वाचायला ईपब घ्या, अक्षरं मोठी करता येतात. आवडती कथा उतरवून ठेवाच, कारण लेखकाला ती कधीही काढून टाकायचा हक्क आहे. जुलै 2023 मध्ये सायबर हल्ल्यामुळे संकेतस्थळ बंद पडलं तेव्हा ज्यांनी उतरवून ठेवलं होतं त्यांचं वाचन थांबलं नाही.

मराठी वाचकाचं काय? भाषांच्या यादीत मराठी आहे, देवनागरीत लिहिलेली. पण बटणं, सूचना सगळं इंग्रजी, आणि मराठी कथा मोजक्याच. महाभारतावरच्या आणि हिंदी-तेलुगू चित्रपटांवरच्या कथाही बहुतेक इंग्रजीत सापडतात. मराठीत लिहायचं तर भाषा मराठीच निवडा. इंग्रजीच राहू दिली तर भाषेने गाळणाऱ्या वाचकापर्यंत तुम्ही पोचणारच नाही. फॅंडम आणि पात्रांचे टॅग सूचनांमधले प्रमाण घ्या, हौसेचे टॅग देवनागरीत लिहा. सारांश मात्र दोन ओळींचा मराठीत हवा, तोच पुढे वाचायचं की नाही ते ठरवतो. मराठीतून भरपूर वाचक आणि झटपट प्रतिसाद हवा असेल तर प्रतिलिपी या भारतीय भाषांतल्या कथांच्या ॲपवर तो लवकर मिळेल. तिथला मामला वेगळा आहे, आणि फॅनफिक्शनसाठी असले टॅग तिथे नाहीत.

जिवंत कलाकारांवरच्या कथांना इथे मनाई नाही. चाहत्यांमधला अलिखित नियम असा: अशी कथा कुलूपबंद ठेवायची, म्हणजे फक्त खातेदारांना दिसेल अशी, आणि त्या कलाकाराला टॅग करून कधीच पाठवायची नाही. कुलपाचा दुसराही उपयोग आहे. 2025 मध्ये उघड्या कथा ओरबाडून एआयसाठीच्या डेटासेटमध्ये घातल्याचं उघडकीला आलं. कुलूपबंद कथा त्यातून वाचल्या.

खाजगी संदेशांची सोय नाही, गट नाहीत, अधिकृत ॲपही नाही. ॲप स्टोअरमध्ये त्या नावाने दिसणारी आणि वर्गणी मागणारी ॲप बाहेरच्यांची आहेत. फोनचा ब्राउझर पुरतो. गप्पा चालतात त्या टम्बलर, डिस्कॉर्डवर.

पैशाचा विषय इथे काढायचाच नाही. कथेच्या शेवटी 'मला कॉफी पाजा' छापाचा दुवा किंवा 'पुढचं प्रकरण वर्गणीदारांना आधी' असं लिहिलं तर तक्रार होते आणि कथा लपवली जाऊ शकते. उलट बाजूनेही सावध. 'तुमची कथा वाचून रडलो, मी चित्रकार आहे, हिचं कॉमिक करू या, डिस्कॉर्डवर या' अशी प्रतिक्रिया नव्या लेखकाला हटकून येते. त्यात कथेतल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नसतो, हीच खूण. पुढे चित्रांचे आगाऊ पैसे मागतात. उत्तर न देता स्पॅम म्हणून कळवा आणि प्रतिक्रिया फक्त खातेदारांना देता येतील अशी सेटिंग करा. त्याने बरीचशी कटकट थांबते, पण खातं काढून येणारे उरतातच.

लेखनाचा कंटाळा आला किंवा नातेवाइकांना पत्ता लागला, तर कथा पुसायच्या आधी 'ऑर्फन' पर्याय बघा. कथा, कुडोज, प्रतिक्रिया सगळं राहतं, तुमचं नाव तेवढं निघतं. पण एकदा ऑर्फन केलेली कथा परत आपल्या नावावर घेता येत नाही. मन अजून दोलायमान असेल तर ती निनावी संग्रहात टाका. तिथून नाव कधीही परत लावता येतं.