आधी आठ, नंतर तीन: गुडघ्याच्या टेंडनवर चाललेली हातचलाखी

उपचाराआधी दुखणं दहापैकी आठ, उपचारानंतर तीन. हे आकडे दर वेळी माझ्याच तोंडून वदवून घेतले जायचे आणि माझ्या फाइलवर लिहिले जायचे. मी सांगितलेले आकडे खरेच होते. लबाडी होती ती आकडा विचारण्याआधी माझा पाय कसा ठेवला जायचा त्यात. ज्यांचा गुडघा वाटीच्या खाली दुखतो त्यांनी पैसे भरण्याआधी ही गोष्ट समजून घ्यावी, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी हौसेने व्हॉलीबॉल खेळते, म्हणजे ब्लॉक आणि स्मॅशसाठी सतत उड्या. वाटीच्या खालच्या टोकाशी दुखायला लागलं, तेही एका बोटाने जागा दाखवता येईल इतकं नेमकं. खेळ सुरू करताना दुखायचं, अंग गरम झालं की विसरायला व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा सगळी वसुली करायचा. या दुखण्याला 'जंपर्स नी' म्हणतात. वाटीपासून खाली नडगीच्या हाडाला जाणारा जो जाड पट्टा आहे, तो पॅटेलर टेंडन. त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताण वारंवार पडला की तो असा दुखू लागतो.

ज्या वेदना-निवारण केंद्रात मी गेले तिथे पांढरे कोट होते, भिंतीवर सांध्यांची चित्रं होती आणि सोनोग्राफीचं यंत्र होतं. पडद्यावरचा एक काळसर ठिपका दाखवून मला सांगितलं, "ताई, हे बघा, इथे फाटलंय. अशाच उड्या मारत राहिलात तर एक दिवस तटकन तुटेल." घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही. लगेच पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले गेले. पुढे कळलं की असे काळसर ठिपके उड्या मारणाऱ्या कितीतरी धडधाकट खेळाडूंच्या टेंडनमध्येही दिसतात, ज्यांना काडीचंही दुखत नाही. नुसत्या चित्रावरून निदान होत नाही. आणि ज्याचा टेंडन खरोखर पूर्ण तुटतो त्याला गुडघा ताठ ठेवून पाय उचलताच येत नाही. मी तर तिथवर चालत गेले होते!

मग सेशन सुरू झाली. जेल लावून यंत्राची मूठ फिरवायची, वर लाल दिव्याचा शेक. एकही व्यायाम नाही. उलट खेळ बंद, स्क्वॉट बंद, जिना शक्यतो बंद. या बंदीत मोठी हुशारी होती. ताण थांबवला की असं दुखणं बहुतेकांचं थोडंफार कमी होतंच. ते श्रेय यंत्राला मिळतं आणि इकडे मांडीचा स्नायू वापराविना बारीक होत जातो. म्हणजे खेळायला परत गेलात की टेंडनवर तोच ताण, आणि मागे आधार मात्र आधीपेक्षा दुबळा. परत दुखणार, परत पॅकेज.

आता ती आठ आणि तीनची गंमत. सेशनआधी मला पलंगावर आडवं करायचे, पाय सरळ, मांडी सैल. मग वाटी किंचित दाबून तिच्या खालच्या टोकाखाली अंगठा रुतवायचे. जीव जायचा. "किती?" "आठ." यंत्र फिरवून झालं की म्हणायचे, "उठून बसा, पाय खाली सोडा." गुडघा काटकोनात वाकलेला, अंगठा त्याच जागी, जोरही तेवढाच. "आता?" "तीन." "बघा ताई, किती फरक!"

पाय सरळ आणि मांडी सैल असते तेव्हा हा टेंडन ढिला असतो, अंगठा आतल्या दुखऱ्या भागापर्यंत पोचतो. गुडघा वाकवला की तो ताणला जाऊन कडक होतो आणि तीच दाब दिलेली जागा कमी दुखते. तपासणीची पुस्तकं वाचणाऱ्यांना हे माहीत असतं, त्यात नवं काही नाही. मला हे ज्या फिजिओथेरपिस्टकडे नंतर गेले तिने दाखवलं. कुठलंही यंत्र न लावता तिने माझा पाय सरळ ठेवून दाबलं, मग वाकवून दाबलं. सात आणि तीन! केंद्रातल्या माणसाला हे माहीत नसेल असं मानायला मी तयार नाही, कारण क्रम एकदाही उलटा झाला नाही.

पॅकेज संपत आलं आणि खेळून पाहिल्यावर दुखणं जागच्या जागी निघालं, तेव्हा 'पुढची पायरी' आली: आधी शॉकवेव्ह (यंत्राने दुखऱ्या जागेवर ध्वनिलहरींचे धक्के), मग स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची इंजेक्शनं, नाहीतर ऑपरेशन. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा महाग. मी तिथे थांबले आणि वाचायला बसले. मोसमात खेळत असलेल्या खेळाडूंवर शॉकवेव्हची चाचणी झाली, तिचा निकाल २०११ मध्ये आला. खोट्या उपचाराच्या तुलनेत फायदा दिसला नाही. याच टेंडनसाठी प्लेटलेटच्या इंजेक्शनची तुलना २०१९ च्या एका चाचणीत साध्या सलाइनच्या इंजेक्शनशी केली गेली, तिथेही प्लेटलेट सरस ठरले नाहीत. २००६ मध्ये ऑपरेशन आणि व्यायाम यांची तुलना झाली होती, त्यातही ऑपरेशनचा वरचष्मा दिसला नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन त्यांनी मला सुचवलं नाही, पण कोणी सुचवलंच तर २००९ ची डॅनिश चाचणी आठवा: १२ आठवड्यांनी इंजेक्शनवाले बरे दिसत होते, सहा महिन्यांनी त्यांचा फायदा ओसरला होता आणि जड वजनाचा संथ व्यायाम करणारे टिकून होते.

तो जड, संथ व्यायामच सध्या माझा उपचार आहे. सुरुवात हालचालीशिवाय ताण धरण्यापासून झाली: यंत्रावर गुडघा अर्धवट वाकवून ४५ सेकंद जोर लावून थांबायचं, असं पाच वेळा. काहींना याने तात्पुरता आरामही पडतो, मला थोडा पडला. नंतर लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं यंत्र) आणि स्क्वॉट, आठवड्यातून तीनदा, तीन सेकंद खाली आणि तीन सेकंद वर. आधी १५ वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन, आणि आठवडे सरतील तसं वाढवत सहाच वेळा उचलता येईल इतकं. उड्या अगदी शेवटी. हे कंटाळवाणं आहे, हेही सांगून टाकते. दिवा लावून पडून राहणं फार सुखाचं होतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, हे पचवायला मला वेळ लागला. त्या फिजिओथेरपिस्टने दिलेला नियम असा: दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर हरकत नाही, पण २४ तासांत ते नेहमीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी वजन कमी. मोजमापही तिच्याकडे वेगळं होतं. २५ अंश उताराच्या फळीवर एका पायाने स्क्वॉट, दर वेळी तीच फळी, तोच कोन. शिवाय वीसा-पी नावाची शंभर गुणांची प्रश्नावली, जिच्यात बसणं, जिना उतरणं, उडी मारणं, खेळणं यांबद्दल विचारतात. अंगठ्याच्या दाबाचा आकडा तिने कधी लिहूनच घेतला नाही.

यंत्र वापरणारे सगळे ठक असतात असं माझं म्हणणं नाही. काही चांगले फिजिओही थोडा आराम पडावा म्हणून जोडीला शेक देतात. पण पायावर वजनच टाकू न देता टेंडन बरा करून देतो असं कोणी म्हणत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. शिवाय गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, दगा देत असेल किंवा ताप असेल, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. त्यासाठी थेट डॉक्टर गाठा.

उरलेल्या सेशनचे पैसे मी लेखी मागितले. उत्तर आलं की पावती नीट वाचावी. वाचली. तिच्यावर कुठेही फिजिओथेरपी, उपचार किंवा गुडघा हे शब्द नाहीत. 'वेलनेस सेशन, परतावा नाही' एवढंच आहे, आणि सही करणाऱ्याच्या नावापुढे ना पदवी ना नोंदणी क्रमांक. पहिल्या दिवशी मला तोंडी 'डॉक्टर' म्हणून ओळख करून दिलेला माणूस हाच. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे चौकशी केली, तर त्या नावाने नोंदणी सापडली नाही. पावती, फाइलमधले आठ-तीनचे कागद आणि ते उत्तर असं सगळं जोडून ग्राहक तक्रार दाखल केली आहे, तारीख अजून लागायची आहे.