बेट्टासाठी पेलेट की गोठवलेले ब्लडवर्म?

बेट्टा म्हणजे फायटर मासा. त्याच्या रोजच्या खाण्यासाठी पेलेटच (कोरड्या खाद्याचे दाणे) बरे. डब्यावरच्या यादीत पहिलं नाव मासे, कोळंबी किंवा अळ्यांचं हवं; गव्हाचं पीठ आधी असेल तर तो डबा सोडा, कारण बेट्टा मांसाहारी आहे. दाणा साधारण १ मिमीचा, सकाळी २-३, संध्याकाळी २-३. एकेक टाका. बेट्टाचं तोंड वर वळलेलं असतं, तो पृष्ठभागावरचं टिपतो. तळाला गेलेला दाणा बहुधा तिथेच कुजतो आणि पाण्यात विषारी अमोनिया वाढतो.

ब्लडवर्मवर (डासासारख्या किड्याच्या लाल अळ्यांवर) मासा तुटून पडतो, पण त्यातून सगळी पोषणद्रव्यं मिळत नाहीत. आठवड्यातून एक-दोनदा, पेलेटऐवजी, ३-४ अळ्या पुरेत. गोठवलेल्या अळ्यांचा अख्खा क्यूब एका माशाला फारच जास्त होतो: सुरीने कोपरा कापा, टाकीतल्याच पाण्यात वितळवा, लाल पाणी गाळून फेका, अळ्या चिमट्याने द्या. वितळलेलं परत गोठवू नका. हाताला खाज सुटत असेल तर हातमोजे घाला. या अळ्यांची काहींना ॲलर्जी असते.

फक्त ब्लडवर्मची चटक लागली की मासा पेलेट तोंडात घेऊन थुंकतो. एक-दोन दिवस उपाशी ठेवा, मग पेलेटच द्या. पोट फुगलं असेल तरी आधी उपासच, आणि पाणी २५-२७ अंशांवर आहे ना ते बघा. थंड पाण्यात पचन मंदावतं.