'इन्क्युबस' बघू की 'आन्गोरोय'?

एस्पेरांतोमधला, म्हणजे जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेतला, एखादा जुना पिक्चर बघायचाय असं कोणी म्हटलं की ही दोन नावं हमखास येतात. फ्रान्सचा 'आन्गोरोय' १९६४ चा, अमेरिकेचा 'इन्क्युबस' १९६६ चा. एस्पेरांतोतला पहिला फीचर पिक्चर हा मान आन्गोरोयचा. पण हॉरर हवा असेल तर विचारच करू नका, इन्क्युबसच लावा, कारण आन्गोरोय ही क्राइम स्टोरी आहे, त्यात भूतबीत काही नाही.

इन्क्युबसची गोष्ट अगदी लोककथेसारखी आहे. एका गावात रोग बरे करणारी विहीर, तिथे येणाऱ्या गर्विष्ठ, लोभी माणसांना भुलवून समुद्रात बुडवायचं हे किआचं काम, ती सैतानाच्या चाकरीत असते, पण असल्या पापी लोकांचा तिला कंटाळा आलाय, तिला एखादा चांगला माणूस नासवायचाय आणि मग तिला सापडतो मार्क, जखमी सैनिक, म्हणजे आपला स्टार ट्रेकवाला विल्यम शॅटनर. पुढचं सांगत नाही. पण खरी कमाल कॅमेऱ्याची आहे! कॉनरॅड हॉलने कॅलिफोर्नियातल्या बिग सरचा किनारा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये असा काही शूट केलाय की नुसत्या सावल्यांनीच अंगावर काटा येतो. या माणसाला पुढे तीन ऑस्कर मिळाले, ते का मिळाले हे इथेच कळतं.

भाषेसाठी बघणार असाल तर मात्र गणित उलटं आहे. इन्क्युबसच्या नटांना एस्पेरांतो येत नव्हती, डायलॉग घोकून म्हटलेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रीमियरला आलेले एस्पेरांतोवाले उच्चार ऐकून हसले होते म्हणतात. डायरेक्टर लेस्ली स्टीव्हन्सला त्या भाषेतून या जगाबाहेरचं वातावरण हवं होतं, आणि मला विचाराल तर ते त्याला मिळालंय. आन्गोरोयमध्ये मात्र भाषा जगलेले लोक आहेत, त्यातला मिशेल दुक-गोनिनाझ तर पुढे एस्पेरांतोच्या मोठ्या शब्दकोशाच्या २००२ च्या आवृत्तीचा संपादक झाला. एस्पेरांतो शिकत असाल तर कान तयार करायला हाच घ्या, तासाभराचाच आहे. फक्त शोधायला कष्ट पडतील, कारण पैसे बुडाल्यावर डायरेक्टर माहे यांनी बऱ्याच कॉप्या स्वतःच नष्ट केल्या असं सांगतात, आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

इन्क्युबससुद्धा हरवलाच होता, १९९६ मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेज या चित्रपट संग्रहालयात एक प्रिंट सापडली म्हणून वाचला. त्या प्रिंटवर फ्रेंच सबटायटल्स कायमची छापलेली होती, म्हणून २००१ च्या डीव्हीडीत त्यांच्यावर काळे पट्टे मारून इंग्लिश टाकलंय आणि ते पट्टे नेमके हॉलच्या फ्रेमवरच बसतात. आता फोर-के रिस्टोरेशन, म्हणजे नव्याने स्वच्छ केलेली प्रत, निघालंय, मिळत असेल तर तेच घ्या, जुन्या डीव्हीडीवर पैसे घालवू नका.